ट्रेलर ओढायचाय, मागच्या अॅक्सलचा रेशो कोणता घेऊ?

प्रश्न: डिझेल पिकअप घेतोय, महिन्यातनं दोन-तीनदा जड ट्रेलर ओढायचाय, बाकी वेळ गाडी रिकामीच. ३.७३ घेऊ की ४.१०? मित्र म्हणतो मोठा आकडा डोळे झाकून घे.

उत्तर: मित्राचं अर्धंच बरोबर आहे. ३.७३ म्हणजे चाकाच्या एका फेऱ्याला प्रोपेलर शाफ्टचे (गिअरबॉक्सकडून मागच्या अॅक्सलला फिरवणाऱ्या दांड्याचे) ३.७३ फेरे, त्यामुळे ४.१० घेतला की प्रत्येक गिअरमध्ये चाकाला साधारण १० टक्के जास्त ओढ मिळते, पण त्याच स्पीडला इंजिनही तेवढंच जास्त फिरतं, म्हणजे जिथे २००० आरपीएम (इंजिनचे मिनिटाला फेरे) होते तिथे जवळपास २२००, आणि रिकामी गाडी हायवेला पळवताना तो आवाज नि डिझेलचा खर्च रोजचाच होतो. डिझेलला टॉर्क, म्हणजे फिरवायची ताकद, खालच्या आरपीएमलाच मिळतो, त्यात गिअरबॉक्सला गिअर भरपूर असतील तर तुमच्या वापराला मी ३.७३च घेईन. कायम फुल लोड आणि घाट असेल तर मात्र ४.१०.

आणि हो, टायर! ३१ इंचाचे काढून ३५चे टाकले की ४.१०चा परिणाम ३.६३सारखा होतो, हे लोक हमखास विसरतात. नंतर रेशो बदलायचा म्हटलं तर फोर बाय फोरला पुढच्या अॅक्सलचाही बदलावा लागतो, म्हणून आत्ताच नीट ठरवा. ट्रेलरचं वजन कंपनीच्या टोइंग लिमिटमध्ये बसतंय ना, तेही त्याच रेशोसमोरचा आकडा बघून तपासा.