लेन्स परत करण्याआधी एकदा वर्तमानपत्र तिरकं ठेवून बघा

तुमची पोस्ट वाचून हसू आलं, रागावू नका. नवी ५० एमएम एफ १.८ लेन्स, भाचीचं बारसं, मागचे फुगे झकास धूसर, पण ना बाळाचे डोळे शार्प ना आईचे. म्हणून आता लेन्स परत करायला निघालात. मीही निघालो होतो.

माझी फजिती मावसबहिणीच्या लग्नात झाली. क्रॉप सेन्सर (फुल-फ्रेमपेक्षा लहान सेन्सर), अपर्चर (लेन्सचं भोक; आकडा लहान तेवढं भोक मोठं आणि शार्प पट्टा अरुंद) १.८, मी दीड मीटरवर. एवढ्या अंतरावर शार्प येणारा पट्टा जेमतेम सहा सेंटिमीटरचा, म्हणजे डोळ्याच्या पुढे-मागे तीन-तीन. अंतरपाट दूर झाला, मधल्या फोकस पॉइंटने (कॅमेरा जिथे फोकस धरतो तो ठिपका) बहिणीच्या डोळ्यावर फोकस धरला आणि फ्रेम जुळवायला कॅमेरा वळवला. इथेच माती खाल्ली. कॅमेरा पंधरा अंश वळला तरी फोकसचं प्रतल (जिथलं सगळं शार्प येतं ती पातळी) या अंतरावर पाचेक सेंटिमीटर मागे सरकतं. त्यात ती हार घालायला पुढे झुकली. गजऱ्यातली कळीन् कळी मोजून घ्या, डोळे मात्र साबण लावल्यासारखे. कॅमेऱ्याच्या इवल्याशा स्क्रीनवर सगळं सुंदर दिसत होतं; झूम करून बघायची बुद्धी घरी आल्यावर झाली. असे चाळीस फोटो. मावशी अजून बोलून दाखवते.

मग लेन्सवर खापर. सर्व्हिस सेंटरने तीन आठवडे ठेवून घेतली, 'लेन्स ओके' असा कागद दिला आणि वर तपासणीचं बिल. फोटो कोणत्या अपर्चरवर काढले, हे एकानेही विचारलं नाही! दोन मिनिटांत निकाल लागला असता. असो.

आता माझं मत, पटलं तर घ्या. १.८ विकत घेतलं म्हणून १.८ वापरलंच पाहिजे असं नाही. एकटा चेहरा असेल तर मी २.८ ते ४ ठेवतो आणि माणसाला भिंतीपासून दहा फूट पुढे आणतो. मागचं आपोआप विरघळतं. फोकस पॉइंट डोळ्यावरच नेऊन ठेवा, कॅमेरा वळवू नका. आई-बाळ दोघं हवे असतील तर दोघांचे चेहरे कॅमेऱ्यापासून सारख्या अंतरावर आणा, नाहीतर ५.६ गाठा. बाळ हलणारच, तेव्हा कंटिन्युअस फोकस, म्हणजे हलणाऱ्या माणसामागे सतत फिरणारा फोकस, लावा. (फोनच्या पोर्ट्रेट मोडबद्दल विचारू नका, तो आमच्या आजीची नथ खातो.)

मी हौशी माणूस आहे. डोळा ओळखून त्यावरच फोकस धरणारे मिररलेस (आत आरसा नसलेले) कॅमेरे असलेल्यांनी यातलं निम्मं सोडून द्यावं.

आणि तुमची लेन्स खरंच निर्दोष असेल असंही मी छातीठोक सांगत नाही. ट्रायपॉड लावा, वर्तमानपत्र तिरकं ठेवा, एका मथळ्यावर फोकस करून १.८ वर दोन फोटो काढा: एक व्ह्यूफाइंडरमधून (डोळा लावायच्या खिडकीतून), एक लाइव्ह व्ह्यूवर (मागच्या स्क्रीनवर बघून). असं दोन-तीनदा करा. लाइव्ह व्ह्यूचा शार्प आणि दुसरा सतत पुढे किंवा मागे जात असेल, तर फोकसचं कॅलिब्रेशन (कॅमेरा आणि लेन्सची जुळणी) बिघडलंय. मग जा सर्व्हिस सेंटरला, पण हे दोन्ही प्रकारचे फोटो सोबत न्या.

तोवर बारशाचा एखादा मूळ फोटो इथे टाका, एक्झिफ (फोटोत साठवलेली अपर्चर वगैरेंची माहिती) न पुसता.