ॲमेझॉनवर इतके वाद का होतात? बाजाराचा मालकच गाळा मांडून बसला, तर काय होते?

आपला प्रश्न असा आहे : "ॲमेझॉन ही वस्तू घरपोच देणारी एक कंपनी आहे. मग तिच्याविरुद्ध जगभर इतक्या चौकश्या आणि खटले का चालतात, आणि तिच्याकडून खरेदी करणे चुकीचे आहे का?"

मी ठाण्यात नौपाड्यात छोट्या व्यापाऱ्यांच्या जीएसटीचे आणि हिशेबाचे काम करतो. माझ्या अशिलांपैकी काही जण वेगवेगळ्या संकेतस्थळांवर माल विकतात, त्यामुळे हा विषय मला ग्राहकाच्या बाजूने कमी आणि विक्रेत्याच्या वहीतून जास्त दिसतो. उत्तर वाचताना माझी ही बाजू लक्षात ठेवावी.

सर्वप्रथम "वस्तू घरपोच देणारी कंपनी" हे वर्णनच अपुरे आहे. जेफ बेझोस यांनी १९९४ साली ही कंपनी स्थापन केली आणि १९९५मध्ये पुस्तके विकायला सुरुवात केली, हे बहुतेकांना ठाऊक असते. मात्र २००६पासून ही कंपनी आपल्या संगणकांची साठवण आणि गणनशक्ती इतर कंपन्यांना भाड्याने देते आणि तिचा खरा पैसा तिथे आहे, हे फारसे कोणी लक्षात घेत नाही. २०२४ साली कंपनीचा कामकाजातून झालेला नफा सुमारे ६८.६ अब्ज डॉलर होता आणि त्यातले जवळजवळ ४० अब्ज एकट्या या संगणकसेवेचे होते. या सेवेचे मुंबई केंद्र २०१६पासून चालू आहे. म्हणजे ज्याने ॲमेझॉनवरून कधी सुईदेखील मागवली नाही, त्याच्या मोबाइलमधले एखादे ॲपसुद्धा तिच्याच यंत्रांवर चालत असण्याची बरीच शक्यता असते. शिवाय ज्याच्या एका खिशात असा नफा आहे, त्याला दुसऱ्या खिशातून तोटा सोसून भाव पाडता येतो. अमेरिकेत लहान मुलांचे डायपर विकणाऱ्या एका संकेतस्थळाशी स्पर्धा करताना कंपनीने आपले भाव इतके खाली आणले, की २०१०मध्ये त्या संकेतस्थळाच्या मालक कंपनीने स्वतःला ॲमेझॉनलाच विकले. २०१७मध्ये ते संकेतस्थळ बंदही करण्यात आले.

आता मुख्य मुद्दा. आपण वाशीचा घाऊक बाजार पाहिला असेल. तिथे बाजार समिती गाळे देते, नियम ठरवते आणि सेस घेते. अडते, म्हणजे शेतकऱ्याचा माल विकून देणारे दलाल, त्यावर अडत म्हणजे कमिशन घेतात. उद्या समितीनेच प्रवेशद्वाराशेजारचा सर्वांत मोठा गाळा स्वतःकडे ठेवला, प्रत्येक अडत्याची रोजची पट्टी (विक्रीचा हिशेब) रात्री बसून वाचली, कोणता माल कोणत्या भावाला किती खपतो ते टिपून घेतले आणि दुसऱ्या दिवशी तोच माल आपल्या गाळ्यावर दोन रुपये कमी भावाने मांडला, तर बाजारात काय होईल? समितीच्या कारभाराबद्दल तक्रारी करणाऱ्यांची आपल्याकडे कमतरता नाही, पण निदान असा गाळा तिने अजून उघडलेला नाही. ॲमेझॉनवरचे बहुतेक मोठे आरोप या एकाच कल्पनेत बसतात.

भारताच्या कायद्याने हा धोका ओळखलेला आहे. परकीय गुंतवणूक असलेल्या कंपनीला ऑनलाइन बाजार चालवता येतो, पण स्वतःच्या मालकीचा साठा थेट ग्राहकाला विकता येत नाही. यावर शोधलेली वाट अशी, की २०१४पासून इन्फोसिसचे नारायण मूर्ती यांच्या कॅटामरान या गुंतवणूक कंपनीबरोबरच्या भागीदारीतून 'क्लाउडटेल' नावाचा विक्रेता उभा राहिला आणि तो संकेतस्थळावरचा एक सर्वांत मोठा विक्रेता झाला. डिसेंबर २०१८मध्ये सरकारने नियम आवळले आणि बाजार चालवणाऱ्या कंपनीचा भांडवली हिस्सा असलेल्या विक्रेत्याला त्याच बाजारात विकण्यास मनाई केली, तेव्हा ॲमेझॉनने भागीदारीतला आपला वाटा ४९ टक्क्यांवरून २४ टक्क्यांवर आणला. ती भागीदारी अखेर २०२२मध्ये संपली. रॉयटर्स या वृत्तसंस्थेने २०२१मध्ये कंपनीची अंतर्गत कागदपत्रे पाहून लिहिले, की २०१९च्या सुरुवातीला चार लाखांहून अधिक विक्रेत्यांपैकी सुमारे ३५ जणांकडे दोन तृतीयांश विक्री होती, आणि इतरांचा चालणारा माल पाहून स्वतःच्या नावाचा माल बनवणे व तो शोधयादीत वर आणणे असे प्रकारही झाले होते. कंपनीने हे आरोप नाकारले. भारतीय स्पर्धा आयोगाने मात्र दिल्लीतल्या व्यापाऱ्यांच्या तक्रारीवरून जानेवारी २०२०मध्येच तपासाचा आदेश दिला होता, आणि २०२४च्या तपास अहवालात निवडक विक्रेत्यांना झुकते माप दिल्याचा निष्कर्ष निघाला. युरोपात हाच वाद डिसेंबर २०२२मध्ये तडजोडीने मिटला : विक्रेत्यांची खाजगी माहिती स्वतःच्या विक्रीसाठी वापरणार नाही, असे कंपनीने तिथे लिहून दिले. अमेरिकेत २०२३मध्ये संघीय व्यापार आयोगाने १७ राज्यांसह मक्तेदारीचा खटला दाखल केला.

विक्रेत्याच्या वहीत हे कसे दिसते? विक्रीची रक्कम एका ओळीत असते आणि खाली वजावटींची रांग लागते : कमिशन, गोदामात माल ठेवल्याचे आणि बांधणीचे शुल्क, वाहतूक, जाहिरात, परत आलेल्या मालाचा खर्च, या सर्व शुल्कांवर १८ टक्के जीएसटी, शिवाय संकेतस्थळाने जीएसटी आणि आयकरापोटी कापून भरलेली रक्कम. यातली 'जाहिरात' ही ओळ मला सर्वांत बोलकी वाटते, कारण आपला माल पहिल्या पानावर दिसावा म्हणून मोजलेले ते भाडे असते. २०२४ साली ॲमेझॉनला जगभरातून जाहिरातींपोटी ५६ अब्ज डॉलर मिळाले. वाशीत २०१६मध्ये भाजीपाल्याची अडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घेण्याचे ठरले, तेव्हा केवढा गदारोळ झाला होता. इथे सगळी अडत विकणाऱ्याकडून जाते आणि खरेदीदाराला ती भावात मिसळलेली असल्यामुळे दिसतही नाही.

घोडबंदर रस्त्यावरच्या माझ्या एका अशिलाने स्टीलचे डबे एका संकेतस्थळावरून विकले (नाव सांगत नाही, आणि ते कोणते याचा अंदाजही बांधू नये). परत आलेल्या एका खोक्यात कोणाचा तरी जुना, पोचे पडलेला डबा निघाला. छायाचित्रे पाठवून पैसे मिळायला दोन महिने लागले. तरीही तो विक्री बंद करत नाही, कारण पूर्वी त्याचा माल जांभळी नाक्याच्या पलीकडे जात नव्हता आणि आता गुवाहाटीहून मागणी येते. ही बाजूही तितकीच खरी आहे आणि संतापाच्या भरात ती विसरली जाते.

आपल्या जिल्ह्याचा संबंध तर याहून जवळचा आहे. ॲमेझॉनने जून २०१३मध्ये भारतात संकेतस्थळ सुरू केले, तेव्हा तिचे देशातले पहिले गोदाम भिवंडीत होते. मुंबईची जकात जुलै २०१७मध्ये जीएसटी येईपर्यंत चालू होती, म्हणून जकातीच्या हद्दीबाहेर पण शहराला खेटून माल ठेवण्याची सोय भिवंडीच्या ग्रामपंचायतींमध्ये आधीच तयार झालेली होती. मानकोली नाक्यावर अडकलेला कोणीही मागे-पुढे कंटेनर मोजून या व्यापाराचा अंदाज बांधू शकतो. या उद्योगातल्या गोदामांमध्ये राबणाऱ्यांबद्दलचे वाद मात्र दुसरीकडे उघड झाले. हरियाणातल्या मानेसर इथल्या ॲमेझॉनच्या गोदामात कामगारांना उद्दिष्ट पूर्ण होईपर्यंत पाणी प्यायला किंवा स्वच्छतागृहात जाणार नाही अशी शपथ घ्यायला लावल्याची बातमी आली आणि जून २०२४मध्ये राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने तिची स्वतःहून दखल घेतली. अमेरिकेत चालकांना बाटलीत लघवी करावी लागते, हे कंपनीने २०२१मध्ये आधी झिडकारले आणि मग माफी मागून मान्य केले. न्यूयॉर्कच्या स्टेटन आयलंडमधल्या गोदामात एप्रिल २०२२मध्ये कामगारांनी मतदानाने संघटना स्थापन केली.

भाषेचा वाद आपल्याला आठवत असेलच. ॲमेझॉनच्या संकेतस्थळावर २०१८मध्ये हिंदी आणि २०२०मध्ये दक्षिणेतल्या चार भाषा आल्या, मराठी मात्र मनसेच्या आंदोलनानंतर सप्टेंबर २०२१मध्ये आली. तोडफोडीचे समर्थन मी करणार नाही. पण विनंती केल्याने मराठी आली असती, असेही मला म्हणवत नाही.

खरेदी करणे चुकीचे नाही, मीसुद्धा करतो. फक्त जबाबदारी कोणाची, हे पाहून करावी. २०२२मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने मानकांत न बसणारे २,२६५ प्रेशर कुकर आपल्या संकेतस्थळावरून विकू दिल्याबद्दल ॲमेझॉनला दंड केला. विक्रेता दुसराच आहे, हा बचाव तिथे स्वीकारला गेला नाही. मात्र दंड होता एक लाख रुपये, आणि त्या कुकरांवर कंपनीने मिळवलेले शुल्क सहा लाख चौदा हजारांहून जास्त होते. तेव्हा भावाच्या खाली बारीक अक्षरांत विक्रेत्याचे नाव असते ते वाचावे, विजेच्या आणि गॅसवरच्या वस्तूंवर आयएसआय चिन्ह आहे का ते तपासावे, आणि तो विक्रेता ठाण्यातलाच निघाला तर एकदा त्याच्या दुकानात फोन करून भाव विचारावा. माझ्या डबेवाल्या अशिलाचा दुकानातला भाव संकेतस्थळापेक्षा कमी आहे.