मधली पांढरी रेघ

चि. पोरी,

बकऱ्याचं कातडं स्वतः कमावून बंडी शिवायची म्हणतेस, वाचून फार बरं वाटलं.

आपल्याकडचा 45 अंशांचा उन्हाळा लक्षात ठेव. कातडं निघाल्याबरोबर मीठ चोळ, कातड्याच्या वजनाच्या जवळजवळ निम्मं. सकाळचं काम दुपारवर ढकललंस तर कुजायला लागतं, पुढे वरचा पापुद्रा निघून येतो. कातडं खाटकाकडूनच घे. अचानक मेलेल्या, नाकातोंडातून रक्त आलेल्या जनावराला तर हातही लावू नको. तो फाशी रोग (अँथ्रॅक्स) असू शकतो आणि माणसालाही होतो.

चुन्यात केस सुटले, मांस खरवडलं, की कोंड्याच्या आंबवलेल्या पाण्यात चुना पुरता उतरव. अंगठा दाबल्यावर ठसा राहिला, की पुढे जा.

आता कातडं कमावायची झाडाची साल. नुसत्या बाभळीनं कातडं तांबूस आणि कडक होतं. मोटेला, जोड्याला ते चालायचं, अंगावर घालायला नाही. म्हणून हिरडा मिसळ, मेळघाटातला मिळाला तर उत्तम. पहिलं पाणी फिक्या चहाइतकंच असू दे. कडक पाणी आधी दिलं की वरची बाजू आवळून बसते आणि रस आत शिरतच नाही. रोज थोडी साल वाढव, कातडं वरखाली करत राहा. लोखंडी घमेलं मुळीच नको, काळे डाग पडतात ते जात नाहीत.

रंग चढला म्हणजे कमावलं गेलं असं समजू नको. मानेकडचा जाड भाग जरासा काप आणि कापलेली कड उजेडात धर. मधे पांढरट रेघ दिसली तर आत कच्चंच आहे, पुन्हा टाक. कितीही दिवस लागोत.

गावात कुणी नाक मुरडेल, मुरडू दे. हे काम ज्यांच्या माथी जातीनं मारलं, त्यांच्यातल्या पुष्कळांनी ते सोडलं आणि योग्यच केलं. पण त्यातलं ज्ञान त्यांचंच आहे. कुणी म्हातारा शिकवायला तयार झाला तर त्याच्याजवळ बसून शिक, दिवसाची मजुरी दे, आणि बंडी विकलीस तर कुणाकडून शिकलीस तेही सांग.

कातडं अर्धवट ओलं असतानाच करंजाचं तेल हातानं जिरव आणि वाळेपर्यंत लाकडाच्या बोथट काठावर मागेपुढे ओढत राहा. तसंच वाळू दिलंस तर पत्र्यासारखं ताठ होईल. बंडीची पाठ कातड्याच्या पाठीतूनच काप. पोटाकडचं ताणत जातं, ते खिशांना ठेव.

तुझा काका