वरचा पाऊण तास कुठे जातो?

प्रश्न : मुंबई-नागपूर हवाई अंतर साधारण ६८० किलोमीटर, असं मुलाने नकाशावर मोजून दाखवलं. विमान ताशी ८०० ने जातं म्हणतात. म्हणजे ५० मिनिटांचं काम. तिकिटावर मात्र १ तास ३५ मिनिटं! आणि ७४ वर्षांच्या सासूबाईंना नागपूरहून आणायचंय. विमान बरं की समृद्धी? – एक वाचक, ठाणे

उत्तर : मुलाचं गणित चोख आहे, पण ते पट्टी ठेवून केलेलं. तिकिटावरची वेळ उडण्याची नसतेच. विमान जागेवरून हलल्यापासून पलीकडे जागेवर थांबेपर्यंतची असते. मी तीस वर्षं दादरला तिकिटं काढून दिली. गिऱ्हाईक हेच विचारायचं आणि मी ‘तसंच असतं हो’ म्हणून वेळ मारून न्यायचो. निवृत्तीनंतर एकदा माहेरच्या लग्नाला (बायकोच्या, ती धरमपेठची) निघालो, तेव्हा बोर्डिंग पासच्या मागे वेळा टिपल्या. तिकिटावर ६.०० ते ७.३५. विमान हललं ६.०४ ला. रांगेत सरकत सरकत चाकं सुटली ६.२४ ला. नागपूरला टेकलं ७.२८, थांबलं ७.३५. चार मिनिटं उशिरा निघून वेळेवर पोचलो, कारण वेळापत्रकात थोडी सैल आधीच धरलेली असते.

हवेतही ६४ मिनिटं गेली. मुंबईत बहुतेक वेळा उड्डाण पश्चिमेला, समुद्राकडे होतं. जायचंय पूर्वेला, म्हणजे आधी अरबी समुद्रावर जाऊन वळा. शिवाय चढताना आणि उतरताना वेग कमीच असतो. एवढ्याशा अंतरात पुऱ्या वेगाने उडायला मधली वीस-पंचवीस मिनिटंच मिळतात. हिवाळ्यात वरचा वारा पश्चिमेकडून वाहतो, त्यामुळे जाताना थोडं लवकर, येताना थोडं उशिरा.

आता सासूबाई. समृद्धी ७०१ किलोमीटर. इगतपुरी-आमणे हा शेवटचा टप्पा जून २०२५ ला खुला झाल्यापासून ठाणेकरांना सोयीची. मोटारींना ताशी १२० ची मर्यादा, तरी चहापाणी धरून नऊ तास समजा. विमानाचे तुमच्या घरापासून नागपूरच्या घरापर्यंत पाच. चौघं जण आणि डिकीभर संत्री असतील तर मी गाडीच काढेन. पण चौऱ्याहत्तरीचे गुडघे नऊ तास दुमडून ठेवायचे? नको. विमानच घ्या आणि व्हीलचेअर तिकीट काढतानाच मागा. ऐनवेळी काउंटरवर मागितली की ताटकळावं लागतं.

जाता जाता : १९४९ मध्ये रात्रीची टपाल विमानं सुरू झाली तेव्हा मुंबई, दिल्ली, कलकत्ता, मद्रास इथली विमानं मध्यरात्री नागपुरात जमायची, पोती बदलायची आणि पहाटेपर्यंत आपापल्या गावी परतायची. गाव मधोमध असल्याचा एवढा उपयोग पुन्हा कुणी केला नाही, असं माझं नागपूरकर सासर आजही ऐकवतं.

आणखी एक. नागपूरला सूर्य मुंबईच्या सुमारे २५ मिनिटं आधी मावळतो. संध्याकाळच्या विमानाने पश्चिमेला येताना त्याचा पाठलागच होतो. हिवाळ्यात आणणार असाल तर सासूबाईंना डावीकडची खिडकी घ्या.