सिद्धी चुलीवरची

अमळनेरच्या एका वाचकाने विचारलं आहे: "रात्री जेवणं झाल्यावर आम्ही चौघं मित्र 'हीरोज' ही अमेरिकन मालिका पुन्हा बघतोय. तिसऱ्या सीझनमध्ये आन्दो स्वतःला औषधाची सुई टोचून घेतो आणि त्याच्यात ताकद येते, त्या भागावरून आमच्यात जुंपली. मी तिला सिद्धी म्हणालो. बाकीचे म्हणतात, सिद्धी तपाने मिळते, सुईने नाही, महाशक्ती म्हण. कोण बरोबर? आणि अनेकवचन सिद्धी की सिद्ध्या?"

महाशक्ती नको. डब केलेल्या प्रत्येक मालिकेत हा शब्द कानावर आदळतो आणि दर वेळी खटकतो. वर्तमानपत्रांनी तो अमेरिका आणि सोव्हिएत संघ यांच्यासाठी रुळवला, तिथे तो शोभतो. त्याच्या कितीतरी आधीपासून तो देवीचा आहे. चैत्रात सप्तशृंगीला पायी निघणाऱ्या खान्देशातल्या माणसाला शक्ती म्हणजे कोण, हे सांगावं लागत नाही. मालिकेतल्या हिरो नावाच्या टोकियोतल्या कारकुनाला घड्याळाचा सेकंदकाटा एक सेकंद मागे नेता आला, म्हणून तो महाशक्ती होत नाही.

सुईचं म्हणाल तर तुमच्या मित्रांनी योगसूत्रं उघडून पाहावीत. चौथ्या पादाचं पहिलंच सूत्र सिद्धीच्या पाच वाटा सांगतं: जन्म, औषधी, मंत्र, तप आणि समाधी. तपाचा नंबर चौथा! हा हिरो आणि मालिकेतलीच क्लेअर यांची सिद्धी जन्माची, आन्दोची औषधीची. पतंजलीला जे चालतं ते तुमच्या मित्रांना चालायला हरकत नसावी.

आता खरी गंमत. 'सिद्ध करणे', 'सिद्धीस नेणे' हे अर्थ सगळ्यांना ठाऊक आहेत, ते सोडू. पंगतीत 'स्वयंपाक सिद्ध आहे' म्हणतात आणि संस्कृतात शिजलेल्या अन्नाला सिद्धान्न म्हणतात, तिकडे बघा. सिध् धातूचं रूप सिध्यति, प्राकृतात सिज्झइ, आणि मराठीत शिजणे. धुळ्याकडची आई चुलीपाशी वाकून "डाय शिजनी का?" विचारते, तेव्हा डाळीला सिद्धी मिळाली का, हेच ती विचारत असते. हे मला पहिल्यांदा उमगलं त्या दिवशी मी कुकरच्या शिट्ट्या मोजायचं विसरलो होतो.

यावर काही अभ्यासक नाक मुरडतात. त्यांच्या मते शिजणे आलं स्विद् या धातूवरून, ज्याच्यापासून स्वेद म्हणजे घाम. स्विद्यतिचं प्राकृतात सिज्जइ होतं, म्हणजे ज आयताच मिळतो. सिज्झइमधल्या झचा ज कसा झाला ते सांगा, असं त्यांचं म्हणणं. सांगतो. संध्येची संझा झाली आणि संझेची सांज. मध्यचा मज्झ झाला आणि त्यातून आपलं माजघर. दोन्हीकडे झ गेला, ज राहिला. सिक्थचा सित्थ होऊन शीत झालं, ज्या शितावरून आपण भाताची परीक्षा करतो; तिथेही थचा त झाला, आणि शिवाय सचा शसुद्धा. चुलीवरचाच शब्द आहे, यापेक्षा जवळचा साक्षीदार कुठून आणू? हिंदीत अजून सीझना आहे, झ जागच्या जागी. नवापूरच्या स्टेशनातून राज्याची हद्द जाते. ती ओलांडली की गुजरातीत सीझवुं भेटतं, तिथेही झच. घामावरून आलेल्या शब्दात हा झ कुठून शिरला, याचं उत्तर त्या मंडळींनी द्यावं. शेजाऱ्यांच्या भाषा न ऐकता मराठीची व्युत्पत्ती लावायची, ही सवय मला कधीच पटलेली नाही.

याच सिद्धवरून शिधा आला. शिधा मात्र कच्चा! सरकारने 2022 च्या दिवाळीत शंभर रुपयांत 'आनंदाचा शिधा' दिला, तो रवा, चणाडाळ, साखर आणि तेल. शिजायला निघालेलं सामान, पण नाव आधीच सिद्ध.

आणि आता ती मालिका या नजरेने बघा. क्लेअर पहिल्याच भागात उंचावरून उडी टाकते, मोडलेलं अंग सावरते आणि मित्राच्या कॅमेऱ्याला सांगते की हा सहावा प्रयत्न. ती शिजते आहे. पीटरच्या अंगात इतरांच्या सिद्धी उतरतात, पण त्या आवरता न आल्याने पहिल्या सीझनच्या शेवटी तो स्फोटाच्या काठावर उभा असतो: आच मोठी, भांडं कच्चं. आपल्याकडे बट्टी करताना आधी ती शिजवतात, मग कापून तळतात. कच्ची बट्टी तेलात टाकली तर वरून लाल आणि आत पीठ. पीटरचं नेमकं तेच झालं आहे.

आन्दोचं तर विचारूच नका. त्याला काळात मागे जायचं होतं, मिळाली दुसऱ्याची सिद्धी वाढवण्याची ताकद. वेगाने धावणाऱ्या डॅफ्नीचा हात तो धरतो आणि ती इतकी सुसाट पळते की काळच ओलांडते. म्हणजे बाकी सगळे शिजणारे, हा एकटा शिजवणारा. व्याकरणातलं प्रयोजक रूप असं पडद्यावर चालताबोलताना मी दुसरीकडे पाहिलेलं नाही. वाद घालायचाच असेल तर चौघांनी यावर घाला.

अनेकवचन राहिलं. सिद्धी हेच. नदीच्या नद्या होतात, कारण ती मुळातच दीर्घ. शक्ती, दृष्टी, सिद्धी हे संस्कृतात ऱ्हस्व इकारान्त, ते अनेकवचनात बदलत नाहीत. अष्टसिद्धी म्हणतो आपण, अष्टसिद्ध्या नाही.