गरम झाल्यावर प्रीमियर पद्मिनी गाडी सुरू होत नाही: कॉइल बदलण्याआधी हे बघा

तुमची १९८९ची पद्मिनी सकाळी चोक ओढला की लगेच सुरू होते. पण खंबाटकी घाट चढून वर चहाला थांबलात की सेल्फ जोरात फिरतो, गाडी मात्र धरत नाही आणि अर्ध्या तासाने आपोआप सुरू होते. प्लग आणि बॅटरी बदलून झाली, आता मेकॅनिक कॉइल (प्लगला ठिणगीसाठी जास्त दाबाची वीज देणारा भाग) बदला म्हणतोय, बदलू का, असं तुम्ही विचारलंय.

एवढ्यात नको. कॉइल गेलेली असूही शकते, पण ते ठरवायचं त्या अर्ध्या तासात. गॅरेजला पोचेपर्यंत गाडी थंड होते, एका सेल्फला सुरू होते आणि मग अंदाजाने पार्ट बदलणं चालू होतं. तेव्हा तपासणी तुम्हालाच करावी लागेल, जिथे गाडी अडली तिथेच. डिकीत एक जादा प्लग, टॉर्च आणि जुनं फडकं ठेवा. सेल्फ जोरात फिरतोय म्हणजे बॅटरी आणि स्टार्टर यांचा यात काही दोष नाही. (रडत फिरला असता, तर आधी इंजिनाची अर्थिंगची पट्टी बघा म्हटलं असतं.)

पहिल्यांदा करंट, म्हणजे प्लगची ठिणगी. पेट्रोलचा भपकारा येत असेल किंवा कुठे गळती दिसत असेल तर हे करू नका. एका प्लगची वायर काढून जादा प्लगला लावा, त्याचा धातूचा भाग कार्ब्युरेटरपासून (पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग) लांब, इंजिनाच्या उघड्या धातूला नीट टेकवून ठेवा आणि दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगा. प्लग हातात धरू नका, झटका बसतो. निळी, तडतडणारी ठिणगी आली तर कॉइलचे पैसे वाचले. पिवळी, मरतुकडी आली किंवा आलीच नाही, तर संशय दोघांवर: कंडेन्सर (डिस्ट्रिब्युटरच्या पॉइंटना जोडलेली छोटी डबी) आणि कॉइल. दोन्ही गरम झाल्यावर दगा देतात, थंड झाल्यावर साळसूद होतात, त्यामुळे थंड गाडीवर मीटर लावून बरेचदा काहीच सापडत नाही. आधी कंडेन्सर बदला, तो कॉइलच्या मानाने फारच स्वस्त. डिस्ट्रिब्युटरचं (प्लगांना करंट वाटणारा भाग) झाकण उघडून आतले पॉइंट, म्हणजे करंटची उघडझाप करणारे संपर्क, जळालेत का तेही बघा. जळून एका बाजूला टेकाड आणि दुसरीकडे खड्डा पडला असेल तर कंडेन्सरवरचा संशय पक्का. एक मात्र सांगतो, हल्ली मिळणारे नवे कंडेन्सर डोळे झाकून घेण्याच्या लायकीचे राहिलेले नाहीत. एखादा जुना चालू कंडेन्सर हाती लागला तर जपून ठेवा.

करंट चांगला असेल तर प्रश्न पेट्रोलचा, आणि घाट चढून थांबल्यावरच होतंय म्हणजे माझा कल इकडेच आहे. गाडी बंद केली की पंखाही थांबतो आणि पाण्याचा पंपही. इंजिनाची धग मग वर चढते आणि पुढची दहा-पंधरा मिनिटं कार्ब्युरेटर चालत्या गाडीपेक्षा जास्त तापतो. पेट्रोलमधले हलके घटक चाळीस अंशांच्या आसपासच उकळायला लागतात. त्यात आता पेट्रोल पंपावर मिळतं ते २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेलं, आणि ही गाडी त्यासाठी बनलेलीच नव्हती.

यातून दोन उलट गोष्टी होऊ शकतात. एअर क्लीनर काढून टॉर्चने कार्ब्युरेटरच्या घशात बघा आणि हाताने थ्रॉटल (अ‍ॅक्सिलरेटरने उघडणारी झडप) एकदाच ओढा. आत आधीच ओल असेल, नळीतून थेंब पडत असतील, तर गाडी ओव्हर झालीय. उकळलेलं पेट्रोल जेटमधून मॅनिफोल्डमध्ये उतरलंय. क्लीनर परत बसवा, चोक पूर्ण आत, अ‍ॅक्सिलरेटर तळापर्यंत दाबून धरा (पंप करायचा नाही) आणि सेल्फ मारा. काळा धूर सोडत, खोकत सुरू होईल. मग फ्लोटची (कार्ब्युरेटरमधला तरंगता गोळा) पातळी, त्याने बंद होणारा नीडल व्हॉल्व्ह आणि कार्ब्युरेटरखालचं बेकलाइटचं जाड पॅकिंग बघून घ्या. ते पॅकिंग कुणीतरी काढून नुसता कागदी गॅस्केट घातलेला असणं अजिबात दुर्मिळ नाही.

उलट थ्रॉटल ओढल्यावर पेट्रोलची बारीक पिचकारी उडालीच नाही, तर फ्लोटच्या भांड्यात पेट्रोल नाही. गाडीच्या पेट्रोलच्या पंपात किंवा नळीत वाफ अडकलीय. पंपावर ओलं फडकं ठेवा, थोडा वेळ द्या. टॅक्सीवाले घाटात हेच करायचे. पण गार पाणी गरम इंजिनावर ओतू नका. कायमचा इलाज म्हणजे पेट्रोलची नळी एक्झॉस्टपासून लांब घेणं, इथेनॉलला टिकणारे नवे रबरी पाइप घालणं आणि पंपाचा डायफ्रॅम (आतला लवचीक पडदा) बदलणं. ऑइलची पट्टी काढून वास घ्या. पेट्रोलचा वास आला तर डायफ्रॅम फाटलाय आणि पेट्रोल ऑइलमध्ये उतरतंय. तेव्हा ऑइलही बदलावं लागेल, त्याआधी गाडी चालवू नका.

इलेक्ट्रिक पंप लावून घ्या असं कुणीतरी सांगेलच. लावायचा तर कार्ब्युरेटरसाठीचा, कमी दाबाचाच घ्या. इंजेक्शनच्या गाडीचा पंप बसवला तर नीडल व्हॉल्व्हला तो दाब झेपत नाही आणि पेट्रोल गरम एक्झॉस्टवर सांडू शकतं.