कर्टन वॉल : काचभिंत, पडदी की पडदाभिंत?

प्रश्न असा आला आहे : न्यूयॉर्कच्या लिव्हर हाउस या इमारतीविषयीच्या एका मराठी लेखात 'कर्टन वॉल'ला, म्हणजे इमारतीचा भार न पेलणाऱ्या बाहेरच्या आवरणाला, 'काचभिंत' म्हटलंय, दुसऱ्यात 'पडद्याची भिंत'. बरोबर काय?

'काचभिंत' मला साफ चुकीचं वाटतं. पिट्सबर्गची अल्कोआ इमारत 1953ची, तीस मजली. तिची कर्टन वॉल अॅल्युमिनियमच्या पत्र्यांची आहे. तिला काचभिंत कसं म्हणणार? या भिंतीची ओळख ती कशाची बनली यावरून होत नाही. इमारतीचा भार आतला पोलादी सांगाडा पेलतो. भिंत मजल्यांच्या कडांना अडकवलेली असते. स्वतःचं वजन आणि वाऱ्याचा दाब सोडला तर तिच्यावर काही नसतं.

लिव्हर हाउसचंच पाहा. गॉर्डन बनशाफ्टने आराखडा केलेली पार्क अव्हेन्यूवरची ही इमारत 1952ची, साबणवाल्या लिव्हर ब्रदर्सची. बाहेरून ती सलग निळसर-हिरवी काच दिसते. पण दोन मजल्यांच्या मधल्या पट्ट्यांतली काच आरपार दिसणारी नाही, आणि शहराच्या अग्निनियमांमुळे तिच्या मागे बुटकी पक्की भिंतही बांधावी लागली. म्हणजे एकाच जागी दोन भिंती! नुसतं 'भिंत' लिहिलं तर वाचकाला कोणती समजायची? पुढे काचांच्या चौकटींतलं पोलाद गंजलं, काचा तडकल्या, आणि 2001पर्यंत बाहेरचं सगळं आवरण बदलून टाकलं. सांगाडा जागच्या जागी राहिला. भारवाही भिंत अशी उतरवून बदलता आली नसती.

आपल्याकडे गवंडी खोल्या विभागणाऱ्या पातळ भिंतीला 'पडदी' म्हणतात. शब्द फार सुंदर आहे आणि तिच्यावरही छताचा भार नसतो. पण पडदी घराच्या आत असते, ही बाहेर. म्हणून 'पडदाभिंत' असा जोडशब्द मी सुचवेन. 'पडद्याची भिंत' म्हटलं की कापड डोळ्यांपुढे येतं, ते नको.

किल्ल्यांविषयीच्या इंग्रजी पुस्तकांतही 'कर्टन वॉल' भेटते. तिथे ती दोन बुरुजांमधली भिंत, म्हणजे आपला 'तट'. तिथे पडदाभिंत लिहिलीत तर अनर्थ होईल. तटाने तोफांचा मारा सोसायचा असतो.

आणखी एक. लिव्हर हाउससमोर तिरकस उभी असलेली सीग्रॅम इमारत 1958ची, वास्तुरचनाकार मीस व्हान डेर रोहेची. तिच्या दर्शनी बाजूवरच्या उभ्या ब्राँझपट्ट्यांना मराठीत सर्रास 'खांब' म्हणतात. खरे पोलादी खांब आगीपासून बचावासाठी काँक्रीटमध्ये गाडलेले आहेत. बाहेरच्या पट्ट्या पडदाभिंतीचाच भाग; त्यांना 'उभ्या पट्ट्या' म्हणणंच योग्य.